देवाकडे मागायचं नाही, तर कुणाकडे?

हरिनाम सप्ताहाच्या मांडवात, दहाव्याला नदीकाठी, पोलीस भरतीच्या यादीत नाव न आलेल्या पोराच्या घरी, पीक गेलेल्या खाचराच्या बांधावर एकच वाक्य ऐकू येतं: "अपेक्षा ठेवलीस म्हणून दुःख झालं. अपेक्षा सोड, देवावर सोपव." बोलणारा बहुतेक वेळा भला माणूस असतो. आवाजात माया असते. ऐकणारा आधीच इतका खचलेला असतो की मुकाट मान डोलावतो. मला या वाक्याची चीड आहे आणि ती मी लपवणार नाही. मी देव मानणारा माणूस आहे. पंढरीची वाट मला ठाऊक आहे, नवरात्रात कळसूबाईची चढणही ठाऊक आहे. आणि देव मानणारा म्हणूनच सांगतो, हा उपदेश देवाच्या नावावर चालत असला तरी त्याचा घाव श्रद्धेच्याच मुळावर बसतो.

तो उपदेश नीट मांडून घेऊ, म्हणजे मी कुणाचं बोलणं वाकवलं असं व्हायला नको. त्यांचं म्हणणं असं: देवाकडे काही मागणं ही कच्ची भक्ती, पक्की भक्ती निरपेक्ष असते. मागितलेलं मिळालं नाही तर चूक मागणाऱ्याची, कारण एक तर त्याची श्रद्धा कमी पडली किंवा त्यानं भलतंच मागितलं. जे झालं ते देवाच्या इच्छेनं झालं आणि देवाची इच्छा नेहमी भल्यासाठीच असते. तेव्हा रडू नये, तक्रार करू नये, प्रश्न विचारू नये. मन शांत ठेवावं. रोज सकाळी मोबाइलवर फुलांच्या चित्रासह येणारे सुविचार आणि व्यासपीठावरची प्रवचनं, दोन्हीकडे हेच.

आता हे भंडारदऱ्यात उभं राहून तपासून पाहू. मुद्दाम भंडारदऱ्यात, कारण या मुलखाचे देव, इथली नदी, इथला पाऊस आणि इथल्या जलाशयाला दिलेलं नावसुद्धा या उपदेशाच्या विरुद्ध साक्ष देतं.

पहिली साक्ष कळसूबाईची. १६४६ मीटर उंचीचं हे महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर ज्या देवीच्या नावानं ओळखलं जातं, तिची कथा अकोले तालुक्यात लहानपणीच कानावर पडते. कळसू ही कोळ्याची पोर. रानात हिंडण्याची ओढ असलेली. डोंगराच्या पायथ्याच्या गावात पाटलाच्या घरी ती कामाला राहिली, पण एक अट घालून: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. बाकी पडेल ते काम करीन. काही काळ सगळं सुरळीत चाललं. मग एके दिवशी घरातल्या कुणीतरी तिला भांडी घासायला आणि केर काढायला लावलं. तिनं ते काम केलं, आणि सरळ डोंगर चढून गेली. पुन्हा खाली आली नाही. जिथं तिनं भांडी घासली ती जागा थाळेमेळ म्हणून सांगितली जाते.

या कथेत देवत्व कुठून आलं? गरीब घरची एक मुलगी स्वतःबद्दल काही अपेक्षा ठेवते, ती तोंडानं बोलून दाखवते, समोरचा ती कबूल करतो आणि मग मोडतो. उपदेशकांच्या हिशेबानं दोष कळसूचाच. तिनं अटच घालायची नव्हती. पोटाला मिळतंय यात समाधान मानायचं होतं. पण आमच्या आज्या-पणज्यांनी तसा निवाडा केला नाही. त्यांनी त्या पोरीला देवी मानलं, राज्यातल्या सगळ्यात उंच माथ्यावर तिचं ठाणं केलं आणि अट जिथं मोडली ती जागासुद्धा नावानिशी जपून ठेवली. जी देवी स्वतःचा अपेक्षाभंग गिळून बसली नाही, तिच्या दारात उभ्या असलेल्या बाईला तुम्ही कोणत्या तोंडानं सांगता, की बाई, अपेक्षाच ठेवू नकोस?

यावर विद्वान मंडळी गीता काढतात. फळाची आशा धरू नये, हे भगवंतानंच सांगितलं आहे ना? सांगितलं आहे. पण कुणाला सांगितलं, आणि कोणत्या वेळी? हातातलं काम टाकून बसलेल्या योद्ध्याला, काम करावं म्हणून. ते घेऊन तुम्ही जाता कुणाकडे, तर जिनं काम पुरं केलं, राब भाजला, रोप टाकलं, कमरेत वाकून आवणी केली आणि जिच्या हातात आता काहीच उरलेलं नाही अशा बाईकडे. आणि गीतेचा पहिला अध्याय कशाचा आहे, हे कसं विसरता? तो अर्जुनाच्या विषादाचा आहे. हातपाय गळालेला, डोळे भरून आलेला माणूस देवासमोर आपलं सगळं ओततो आणि त्या अध्यायाच्या नावात विषादालाच योग म्हटलं आहे. श्रीकृष्णानं त्याला चार शब्दांत गप्प बसवलं नाही. पुढचे सतरा अध्याय तो बोलत राहिला, अर्जुन मधेमधे अडवून विचारत राहिला, आणि एवढं सगळं सांगून झाल्यावरही देव म्हणाला की विचार कर आणि मग तुला वाटेल ते कर. ज्यांना एका बाईचं रडणं पाच मिनिटं ऐकवत नाही त्यांनी गीतेचा आधार घेऊ नये.

दुसरी साक्ष तर नदीचीच. रतनगडाच्या कुशीत उगम पावलेली प्रवरा रतनवाडीच्या अमृतेश्वराजवळून येते, भंडारदऱ्याला अडते, पुढे रंध्याला कड्यावरून कोसळते, अकोले, संगमनेर करत जाते आणि गोदावरीला मिळण्याआधी नेवाशावरून वाहते. याच पाण्याच्या काठावर १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. निष्काम कर्माचा इतका सविस्तर, इतका मायाळू उलगडा मराठीत दुसरा नाही. आणि त्याचा शेवट कशानं होतो? मागण्यानं. पसायदान हे मागणंच आहे, सरळ, उघड, सगळ्या जगासाठी केलेलं. मागणारा कोण, तर ज्याच्या आईबापांना प्रायश्चित्त म्हणून देह ठेवावा लागला आणि ज्या चार भावंडांना समाजानं वाऱ्यावर सोडलं त्यांतला एक. अपेक्षाभंग म्हणजे काय हे त्या पोराला शिकवायला कुणा प्रवचनकाराची गरज नव्हती. तरीही नऊ हजार ओव्या सांगून झाल्यावर त्यानं हात जोडून मागितलं. भक्ती पक्की झाली की मागणं संपतं, असं म्हणणाऱ्यांनी ज्ञानेश्वरांची भक्ती कच्ची होती हे एकदा स्पष्ट म्हणून दाखवावं.

ज्ञानेश्वरांचं मागणं विश्वासाठी होतं, तुमची बाई तर स्वतःच्या भातासाठी मागते, हा फरक नाही का? हा प्रश्न मला विचारला गेला आहे. मला तो निर्दय वाटतो. ज्याच्या घरात वर्षाचं धान्य आहे त्याला विश्वाचं मागणं सुचतं हे चांगलंच. पण जिच्या कणगीत दोन महिन्यांचंही नाही तिनं आधी विश्वासाठी मागावं आणि मग स्वतःसाठी, असा नियम कोणत्या देवानं केला? पसायदानातही प्रत्येक जिवाला हवं ते मिळावं असंच मागणं आहे. ती बाई त्या जिवांत येत नाही का?

या बाईबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण हा लेख तिच्यामुळे लिहितो आहे. रतनवाडीच्या वाटेवरच्या एका वाडीतली ती. ऑक्टोबर संपत आला होता. भात कापून कडपं खाचरात वाळत पडलेली, आणि परतीचा पाऊस जो बसला तो हलेना. उघडीप मिळाल्यावर आम्ही तिच्या बांधावर गेलो तेव्हा तिनं एक पेंढी उचलून हातात दिली. ती जड होती, खालून कुजका वास येत होता, आणि लोंबीतल्या दाण्यादाण्याला नखाएवढे हिरवे-पांढरे कोंब फुटले होते. बी पेरल्यावर जे व्हायला हवं ते कापल्यावर झालं होतं. ते भात ना भरडण्याच्या कामाचं, ना बियाण्याच्या. बरोबरच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी समजुतीनं म्हटलं, "मावशी, देवाच्या मनात असंल तसं. आपण जास्त आस धरू नये." ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "दादा, देवाच्या मनात काय व्हतं ते तुमाला कळलं. माझ्या मनात काय व्हतं ते त्याला कोन सांगनार? तुमी सांगताल का?"

तिच्या बोलण्यात नास्तिकपणा शोधूनही सापडणार नाही. देव आहे, तो ऐकतो आणि त्याला सांगायला हवं, हे सगळं धरूनच ती बोलत होती. आणि त्या गृहस्थांच्या बोलण्यात? त्यात देव कुणाशी बोलत नव्हता, कुणाचं ऐकतही नव्हता. सगळं आधीच ठरवून मोकळा झालेला, कुणी हाक मारली तर मागे वळून न पाहणारा, असा देव त्यांनी तिच्यासमोर उभा केला. मग दोघांतलं श्रद्धावान कोण?

आमच्या संतांना हे पक्कं ठाऊक होतं. नामदेवांच्या लहानपणीची गोष्ट घरोघर सांगतात. बापानं पोराला नैवेद्य घेऊन देवळात धाडलं. मोठी माणसं रोज नैवेद्य दाखवत होती आणि परत आणत होती. देव खाईल अशी त्यांची अपेक्षाच नव्हती, म्हणून निराशाही नव्हती. पोर मात्र देव जेवेल म्हणूनच गेलं होतं. तो जेवेना तेव्हा ते अडून बसलं, रडलं, डोकं आपटायला निघालं. विठोबा जेवला तो त्या पोराच्या हातून. संप्रदायानं ही कथा सातशे वर्षं जपली ती कशासाठी? निरपेक्ष मोठ्यांच्या शांत मनाचं कौतुक करण्यासाठी तर नक्कीच नाही.

जनाबाई विठोबाला कसल्या कसल्या शिव्या घालते हे वारकऱ्यांना सांगायला नको. चोखोबा देवळाबाहेर उभे राहून देवालाच विचारतात की हा जन्म मला का दिलास. तुकोबांचं घर १६३०च्या दुष्काळात उद्ध्वस्त झालं, धंदा बुडाला, बायको अन्न अन्न करत गेली, पोर गेलं. पुढे वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या तेव्हा ते "जशी देवाची इच्छा" म्हणून घरी गेले नाहीत. परंपरा सांगते की तेरा दिवस अन्नपाणी सोडून ते नदीकाठी पडून राहिले, देवाच्या दारात धरणं धरून. वह्या परत हव्यात, एवढंच. उपदेशकांच्या मोजमापानं ही आसक्तीच म्हणायची. मग त्यांनी गाथा हातात घेण्याआधी दोनदा विचार करावा, कारण गाथा तरली त्या कथेच्या मुळाशी हा हट्ट आहे.

तुकोबांनीच नवसाची टर उडवली आहे, हे आठवण करून देणारे लोक असतात. उडवली आहे, आणि योग्यच केलं. लेकरू नवसानं होत असेल तर नवरा कशाला, असं विचारणारा माणूस आळसाला आणि फसवणुकीला झोडपत होता. कोंबडं-बकरं कबूल करून देवाला विकत घेऊ पाहणाऱ्याला मीही भक्त म्हणणार नाही. पण वाघबारशीला गुराखी पोरं रानातल्या वाघदेवाला खीर ठेवतात आणि गुरं सांभाळ म्हणतात, ती लाच नसते. ज्याच्या रानात राहायचं त्याच्याशी केलेलं ते बोलणं असतं: आम्ही तुला विसरलो नाही, तूही आम्हाला विसरू नकोस. यातून मागणं काढून टाकलं तर उरेल काय? वर्षातून एकदा रानात सांडलेली खीर.

आता त्यांचा सगळ्यात क्रूर मुद्दा घेतो: मिळालं नाही, म्हणजे श्रद्धा कमी पडली. भंडारदऱ्याच्या जलाशयाला ज्यांचं नाव दिलं आहे ते राघोजी भांगरे याच तालुक्यातल्या देवगावचे. महादेव कोळ्यांचा हा नायक सावकारांच्या जुलमाविरुद्ध आणि त्या जुलमाला पाठीशी घालणाऱ्या इंग्रजांविरुद्ध १८४०च्या दशकात उठला. या डोंगरदऱ्यांत त्याला कुणी धरू शकलं नाही. तो धरला गेला कुठे? पंढरपुरात, २ जानेवारी १८४८ रोजी. आणि २ मे १८४८ला ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिलं. ज्या रानानं त्याला लपवलं ते रान सोडून तो विठोबाच्या गावी गेला आणि तिथंच पकडला गेला. सांगा, काय कमी पडलं? राघोजीची श्रद्धा? ज्याला पंढरपूर म्हणजे मरणही असू शकतं हे कळत होतं आणि तरी जो गेला, त्याच्या श्रद्धेला माप लावणारे आपण कोण? श्रद्धा पुरी असली की संकट टळतं, हा हिशेब खरा धरला तर राघोजी, चोखोबा, तुकोबा सगळे नापास होतात, आणि पास होतात ते फक्त ज्यांचं आयुष्य आपोआप बरं गेलं ते. असा हिशेब मांडणाऱ्याला देव कळला आहे असं मी मानणार नाही. त्याला फक्त यश कळलं आहे.

आणि हे वाक्य माणसाचं काय करतं हे पाहिलं आहे का? ज्याचं मूल गेलं त्याच्या मनात आधीच शंभर प्रश्न असतात: दवाखान्यात लवकर नेलं असतं तर, त्या रात्री गाडी मिळाली असती तर. त्यात तुम्ही आणखी एक टाकता: माझी भक्ती बरोबर असती तर. बाकीच्या प्रश्नांवर काळाची माती पडते. हा प्रश्न तो माणूस प्रत्येक आरतीला बरोबर घेऊन उभा राहतो. तुम्ही त्याचं दुःख हलकं केलं नाहीत. ज्या एका दारात तो रडायला जाऊ शकला असता तेही बंद केलंत.

"जे झालं ते देवाच्याच इच्छेनं" हे वाक्य तर या परिसरात पाण्याबद्दल बोललं जातं, आणि तिथं मला ते अजिबात सहन होत नाही. घाटघरला काही वर्षी ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. रतनवाडी, साम्रद, घाटघर, या पट्ट्यात आषाढ-श्रावणात आभाळ जमिनीला टेकलेलं असतं. देवानं हात आखडता घेतला असं कुणालाही म्हणता येणार नाही. पण वैशाखात याच डोंगरातल्या कितीतरी वाड्यांच्या विहिरी तळाला जातात आणि बाया हंडा घेऊन झऱ्याला रांग लावतात. त्याच दिवसांत काजवे पाहायला आलेल्या पाहुण्यांच्या गाड्या त्यांच्या शेजारून जातात. ही देवाची इच्छा?

१९१० साली बांधकामाला सुरुवात होऊन १९२६ साली विल्सन धरण पुरं झालं. अकरा टीएमसीचं पाणी साठलं आणि ते कालव्यांनी खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडे गेलं. तिथं ऊस उभा राहिला, साखर कारखाने उभे राहिले. त्या शेतकऱ्यांचं भलं झालं याचा मला आनंद आहे. पण ज्यांच्या डोक्यावर तो पाऊस पडतो आणि ज्यांच्या पायाखालून ते पाणी जातं त्यांच्या वाडीवर ते का चढलं नाही? पाणी डोंगर चढत नाही म्हणून? घाटघरच्या २५० मेगावॉटच्या वीज प्रकल्पात खाली सोडलेलं पाणी यंत्रांनी पुन्हा घाटमाथ्यावर उचललं जातं. म्हणजे चढवायचं मनात असलं की पाणी अख्खा घाट चढतं. वाडीच्या टाकीपर्यंत चढायला तेवढं त्याला देवाची इच्छा आडवी येते, असं म्हणणं हा देवाचा अपमान आहे. माणसांनी केलेलं वाटप, माणसांनी न केलेली कामं आणि माणसांनी विसरलेल्या वाड्या, हे सगळं देवाच्या नावावर टाकायचं, आणि मग हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला सांगायचं की अपेक्षा सोड, मन शांत होईल. तिचं मन शांत झालं की सोय कुणाची होते, हे स्पष्ट आहे.

खाली निळवंड्याकडे पाहा. प्रवरेवरच्या या दुसऱ्या धरणाची कल्पना १९७०ची. डाव्या कालव्यात पाणी सुटलं २०२३ साली. त्रेपन्न वर्षं. अकोले, संगमनेर, राहाता, कोपरगाव, सिन्नर या भागातल्या १८२ गावांपैकी कितीतरी ठिकाणी आजोबांनी ज्याची वाट पाहिली ते नातवानं पाहिलं. या काळात मोर्चे निघाले, उपोषणं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि दर आषाढीला त्याच गावांतून दिंड्याही निघत राहिल्या. त्या माणसांनी विठोबावरचा विश्वासही सोडला नाही आणि पाण्याची अपेक्षाही सोडली नाही. "आशा धरू नये" हे त्यांनी १९७५ साली मनावर घेतलं असतं तर तो कालवा आजही नकाशावरच असता. देवावर भरवसा असलेला माणूसच इतकी वर्षं तहसीलच्या दारात बसू शकतो, कारण आपली मागणी न्यायाची आहे हे कुणीतरी वरून पाहतो आहे, अशी त्याला खात्री असते.

एक गोष्ट मात्र मान्य करतो, आणि एवढीच. सगळं गमावलेला माणूस स्वतःच्या तोंडानं जेव्हा म्हणतो की देवाची मर्जी, तेव्हा त्या शब्दांपुढे मी गप्प होतो. ते त्यानं किती रात्री जागून कमावलेले असतात ते त्यालाच ठाऊक. पण ते शब्द त्याचे आहेत. दुसऱ्यानं ते उचलून तिसऱ्याच्या दुःखावर ठेवायचे नाहीत. स्वतःच्या पिकाचा चिखल झाल्यावर म्हणायचं ते वाक्य शेजाऱ्याच्या पिकाचा चिखल पाहताना म्हटलं की त्यात श्रद्धा उरत नाही.

अपेक्षा सोडली की निराशा नाही, हे खरंच आहे. पण मग भरवसा कशाचा? ज्याच्याकडून काहीच यायचं नाही असं धरलं, त्याच्यावर भरवसा आहे म्हणण्याला काय अर्थ? ज्या माणसाकडून आपल्याला काहीच नको असतं त्याच्याशी आपण भांडत नाही, रुसत नाही, त्याच्या दाराकडे पाहतही नाही. नातं संपल्याची खूण तीच. आणि तुम्ही तिला भक्तीची शेवटची पायरी म्हणता. शेतकरी बी टाकतो तेव्हाच तो देवाशी बोललेला असतो. मूठभर दाणे मातीत फेकण्याइतकी उघडी, इतकी बिनधास्त अपेक्षा दुसरी नाही. ती मोडली की त्याला दुःख होणारच, आणि ते त्यानं ज्याच्यावर विसंबून पेरलं त्याच्यापुढेच मांडलं पाहिजे. "असं का केलंस?" हा प्रश्न देवाला विचारण्यात पाप नाही. तो विचारायचाच बंद झाला की मग देवळात येणं उरतं, देवाकडे येणं नाही.

तेव्हा निरपेक्षतेचा उपदेश करणाऱ्यांना माझं उघड सांगणं आहे. पुढच्या वेळी कुणाच्या बांधावर कोंब फुटलेलं भात पाहाल तेव्हा देवाच्या मनातलं सांगू नका, ते तुम्हाला ठाऊक नाही. पंचनामा झाला का विचारा. झाला नसेल तर तलाठ्याकडे तिच्यासोबत जा, कागद भरून द्या, पुढच्या वर्षासाठी पायलीभर बियाणं कुठे मिळेल ते पाहा. पोराचं नाव यादीत आलं नसेल तर त्याच्याशेजारी बसा आणि त्याला बोलू द्या. आणि रडत रडत कुणी देवाला जाब विचारू लागलं तर मधे पडू नका, त्याचं तोंड दाबू नका, देवाची बाजू घेऊ नका. विठोबानं जनाबाईच्या शिव्या ऐकल्या, नामदेवाचा हट्ट पुरवला, तेरा दिवस तुकोबांचं धरणं सोसलं. त्या बाईचंही तो ऐकून घेईल. त्याला तुमच्या वकिलीची गरज नाही.